अनुक्रमांक तेवीस

मुलगा होऊन महिना उलटला तरी घरात सगळे त्याला ‘तो’च म्हणत होते. ‘तो उठला’, ‘तो झोपला’, ‘त्याने पुन्हा केलं’. आई त्याला ‘आमचे पाहुणे’ म्हणायची, कारण पाहुण्यासारखाच तो दिवसा झोपायचा आणि बाकीच्यांना झोपू द्यायचा नाही. बायको त्याच्याशी एकटीच बोलताना काय काय म्हणायची ते इथे सांगत नाही, त्या शब्दांना कुठल्याच कोशात जागा नाही. खरं नाव ठरवायचं काम माझ्याकडे होतं. “बाकी सगळं मी केलं, एवढं एक तुम्ही करा,” असं ती दवाखान्यातच म्हणाली होती. त्या ‘बाकी सगळं’मध्ये नऊ महिने होते, त्यामुळे मला वाद घालायला जागा राहिली नव्हती.

नाव जुनं हवं यावर मात्र एकमत होतं. दवाखान्यात नर्सने एका नव्या फॅशनच्या नावाने हाक मारली तेव्हा तीन खाटांवरून एकदम “आले, आले” झालं होतं. आईने तिथेच निकाल दिला. “जुन्यातलं ठेवा. जुनं नाव म्हणजे पितळेचा तांब्या. पोचा आला तरी गळत नाही.”

मी पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षात एकोणीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे कागद हरवत नाही. सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. कुठलंही काम हातात आलं की आधी तक्ता आखायचा ही आमची रीत, त्याप्रमाणे मी चार रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, अर्थ, शेरा. जुने कागद, जुन्या पाट्या, कचेरीतल्या निवृत्त लोकांच्या याद्या असं सगळं धुंडाळून एकेचाळीस नावं जमवली. ती नावं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यातल्या बऱ्याच नावांचा एकेक मालक आमच्याच इमारतीत राहतो आणि मलाही अजून तिथेच राहायचं आहे.

तक्ता घरात फिरवला. बायकोने पेन्सिल घेतली.

“चार नको. चार माझ्या वर्गात होता. बाकाखाली बसून खडू खायचा.”

“अगं, म्हणून आपलाही मुलगा खडू खाईल असं थोडंच आहे?”

“खाणार नाही. पण हाक मारली की मला तोच दिसेल. अहो, मला दिवसातून पन्नास वेळा मारायची आहे हाक, तुम्हाला नाही.”

मग पेन्सिल आईकडे गेली. आई तर गेलेल्या माणसांचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी. “नऊ? नऊ म्हणजे तुझ्या वडिलांचा मावसभाऊ. स्वतः गेला, पण भांडून घातलेली मधली भिंत ठेवून गेला. खोड ते. चौदा माझ्या बहिणीला सांगून आला होता, तिला काळी म्हणाला. तोही खोड.” एकूण काय, प्रत्येक जुन्या नावामागे एक तरी नतद्रष्ट माणूस निघत होता. चांगली माणसं कुठे गेली म्हणाल, तर चांगल्या माणसांना आपण काका, मामा, आजोबा म्हणून आठवतो. नावानिशी फक्त भांडलेली माणसं लक्षात राहतात. तीन संध्याकाळी पेन्सिल चालली आणि एकेचाळिसांतली सहा नावं जिवंत उरली.

तोवर घरात सगळे आकड्यांतच बोलायला लागले होते. “सतरा भारदस्त आहे, पण तेवीस अंगाला बसतं,” असं आई पोळपाट धुता धुता म्हणायची. शेजारच्या वहिनींनी एक दिवस बायकोला दारात गाठून विचारलं, “फ्लॅट बदलताय का?”

मधल्या काळात मी जन्मनोंदणीच्या कचेरीत एक चक्कर टाकली. नुसतं विचारायला म्हणून गेलो होतो. सरकारी कचेरीत नुसतं विचारायला जाऊ नये, हे मला इतरांपेक्षा चांगलं माहीत असायला हवं होतं. खिडकीतल्या बाईंनी नोंदवही उघडली आणि विचारलं, “नाव?”

“अजून ठरायचं आहे.”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही.” असं म्हणून त्यांनी सुबक अक्षरात ‘निरंक’ लिहिलं आणि टिपकागदाने टिपलंसुद्धा.

“अहो, पण आता ते...”

“नाव ठरलं की निरंकच्या जागी नाव असा अर्ज करायचा. सोबत एक साक्षीदार आणा, तुमच्याच पत्त्यावरचा. नात्यातला चालणार नाही. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत.”

“आणि शुक्रवार चुकला तर?”

“मग वरच्या कचेरीत जावं लागतं.”

“वर म्हणजे कितव्या मजल्यावर?”

“दुसऱ्या शहरात.”

दुसरा कोणी असता तर हसला असता. मी खुर्ची धरली. आमच्या अभिलेख कक्षात एका पंपाची नोंद ‘निरंक’ अशी आहे. त्या पंपाने तीन पिढ्यांना पाणी पाजलं, त्याच्यावर दोनदा छप्पर घातलं गेलं, पण कागदावर तो आजतागायत जन्मलेला नाही. नोंदवहीत एकदा बसलेला निरंक उठत नसतो. आता शाळेच्या दाखल्यावर ‘निरंक’, नोकरीच्या अर्जावर ‘निरंक’ आणि उद्या याच्याही मुलाच्या कागदावर वडिलांचं नाव ‘निरंक’, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. घरी हे सांगितलं नाही. बायकोने एकच काम दिलं होतं.

सहांतून एक काढायचं कसं, या विवंचनेत जिन्यात उभा असताना समोरच्या घरातले शिट्टीसर भेटले. सर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले. शिट्टी शाळेला परत केली, आवाज मात्र घरी आणला. ते तुमच्या शेजारी उभे राहून बोलतात तेव्हा तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहात असंच समजून बोलतात.

“नाव वाचून कळत नसतं!” सर गरजले. “नाव मारून बघायचं असतं!”

“मारून?”

“हाक हो, हाक! काही नावं तोंडातून निघतात झोकात आणि निम्म्या वाटेत खाली पडतात. चाळीस वर्षं हेच केलंय. तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मारा. मी फाटकाशी उभा राहतो. पोचलं तर पास!”

शाळेतल्या सरांपुढे मी आजही हाताची घडी घालतो. हो म्हणालो.

रविवारी संध्याकाळी गॅलरीत उभा राहिलो. वाळत घातलेली दुपटी बाजूला सारली, घसा साफ केला, फाटकाशी सरांनी हात वर केला, आणि मी सतरा नंबर मोकळ्या गळ्याने हाकारला. पोचला. फाटकापर्यंत पोचलाच, पण वाटेत पहिल्या मजल्यावरही थांबला. तिथली खिडकी उघडली आणि निवृत्त बँक मॅनेजरांचं डोकं बाहेर आलं. वय वर्षं शहात्तर. त्यांचे स्वतःचे थोरले भाऊसुद्धा त्यांना अहोजाहो करतात.

“कोण आहे रे तो?” मॅनेजर म्हणाले.

मी दुपट्यामागे झालो. खालून सर ओरडले, “उत्तम! आता ‘अरे’ लावून येऊ द्या!”

आणि मी लावला. का लावला ते मला सांगता येणार नाही. सरांनी हात वर केला होता.

इमारतीत आम्ही एकमेकांना हुद्द्यानेच ओळखतो; जुनी नावं जुन्याच माणसांकडे असणार, ही साधी गोष्ट माझ्या चार रकान्यांत कुठेच बसली नव्हती. दुसरी हाक एकतीस नंबरची. तो नंबर सोसायटीच्या चेअरमनचा निघाला, आणि ते भाजीची पिशवी घेऊन नेमके फाटकातून आत येत होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग वर पाहिलं. पिशवीतल्या दोन मोसंब्या घरंगळत सरांच्या पायाशी गेल्या. सोमवारी आठ नंबर मारला तर दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन गॅलरीत आले, आणि त्यांच्यामागे तोंडात कापूस धरलेला पेशंटही आला. बारा आणि एकोणचाळीस यांचे मालक बाहेर आले नाहीत. त्यांच्या बायका आल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

मंगळवारी शेवटचा नंबर राहिला होता, तेवीस. मी देवाचं नाव घेतलं आणि तेवीसचं घेतलं. कोणी आलं नाही. म्हणून आणखी एकदा मारला. एकही खिडकी वाजली नाही. खालचं कुत्रंसुद्धा मान वर न करता पडून राहिलं. सरांनी फाटकावरून दोन्ही हात उंचावले.

बिनमालकाचं नाव सापडलं होतं! घरात येऊन सांगितलं. बायकोने बाळाच्या कानाशी ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं. त्याने मोठी ढेकर दिली आणि तिने ती होकार म्हणून धरली. आईने अर्धा तास आठवून पाहिलं, पण तेवीस नंबरचा एकही नातेवाईक तिला सापडला नाही. त्या रात्री मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

बुधवारी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: ‘काही सभासद गॅलरीतून वयोवृद्ध सभासदांना एकेरी नावाने हाका मारत असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. संबंधितांनी सायंकाळी सात वाजता खुलासा करावा.’

सात वाजता तक्ता हातात घेऊन कमिटीपुढे उभा राहिलो. मुलाचं नाव ठरवत होतो म्हटल्यावर सगळी खोली विरघळली. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे माझं नाव ठेवताय? अहो, मग आधी सांगायचं नाही का!” चेअरमननी माझ्यासाठी चहा सांगितला. माणसाने अशा वेळी चहा प्यावा आणि उठावं. मी खरं बोललो.

“तसं नाही. आमचं तेवीस ठरलंय.”

“आणि आमची?” डॉक्टर म्हणाले.

“ती... चांगलीच होती. आम्ही फक्त हाक मारून पाहिली.”

“म्हणजे माझं नाव नापास झालं,” मॅनेजर म्हणाले. शहात्तर वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नसावं.

“नापास नाही हो. राखीव यादीत आहे.” हा शब्द कचेरीतला. तिथे तो ऐकून लोक समाधानाने घरी जातात. चेअरमननी एव्हाना माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, थांबले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मी एकतिसावा? आणि हा दातांचा डॉक्टर आठवा?”

अनुक्रमांक म्हणजे क्रमवारी नव्हे, हे मी एकोणीस वर्षं खिडकीवर येणाऱ्या लोकांना समजावतो आहे. तिथेही कोणाला पटत नाही. मुलाचं नाव ठेवायला निघालो आणि इमारतभर लोक मला नावं ठेवू लागले. आधी एकेरी हाकेचा अपमान झाला होता, त्यावर आता नाव नाकारल्याचा झाला. दुसरा जास्त लागला होता, हे चहा आलाच नाही त्यावरून कळलं.

खरी गंमत गुरुवारी कळली. उद्या शुक्रवार, आणि साक्षीदार अजून नव्हता. मॅनेजरांनी दार उघडलं, “शुभेच्छा” म्हणाले आणि दार लावलं. डॉक्टर म्हणाले, पेशंट आहे. मला त्यांच्या खांद्यावरून रिकामी खुर्ची दिसत होती. चेअरमननी ‘एकतीस नंबरच्या सहीला काय किंमत’ असा निरोप स्वतःच्या बायकोमार्फत दिला. शेवटी हक्काने शिट्टीसरांकडे गेलो. सर खाली मान घालून वर्तमानपत्र वाचत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

“एकेचाळीस नावं लिहिलीत तुम्ही. सगळ्यांची लिहिलीत. माझं एकसुद्धा नाही.”

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, निरंकसकट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती बाळाला थोपटत राहिली आणि म्हणाली, “तळमजल्यावरचे घड्याळजी आहेत ना. त्यांना कोण विचारतं, म्हणून तर तुम्हीही विसरलात.”

जिन्याच्या बाजूच्या खोलीत घड्याळजी एकटेच राहतात. भाडेकरू आहेत, म्हणून कमिटीच्या यादीत नाहीत. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, पुढ्यात कोणाचं तरी उघडलेलं घड्याळ. त्यांना कमी ऐकू येतं असा इमारतीत समज आहे. दारावरची पाटीही ‘घड्याळ दुरुस्ती’ एवढंच सांगते. चौदा वर्षं मी त्या दारावरून जा-ये करतो आहे आणि ‘काय घड्याळजी, बरं ना?’ याच्या पुढे गेलेलो नाही. अर्ज हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाजता निघायचं?” आणि शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी फाटकाशी हजर होते.

खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं. “निरंकचे वडील ना? भरा अर्ज.” मी भरला. माझ्या मुलाचं नाव पहिल्यांदाच कागदावर शाईने लिहिलं, जरा जास्तच जपून. मग अर्ज घड्याळजींपुढे सरकवला. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वाचायला सुरुवात केली. एका रकान्यापाशी ते थांबले, आणि थांबूनच राहिले. यांच्याही वर्गात असणार कोणी खडू खाणारा.

“काही चुकलंय का, घड्याळजी?”

“नाही.” त्यांनी पेन मागितलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात सावकाश लिहिलं.

बाईंनी अर्ज पाहिला. “आजोबा, तुम्ही बाळाचंच नाव लिहिलंत. इथे तुमचं लिहायचं.”

“माझंच आहे ते,” घड्याळजी म्हणाले आणि ओळखपत्र काढून पुढे ठेवलं.

बाईंनी ओळखपत्र पाहिलं, अर्ज पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “मी सांगितलं होतं, नात्यातला चालत नाही.”

“नात्यातले नाहीत हो!”

“मग नाव एकच कसं?”

“योगायोग लिहा,” घड्याळजी म्हणाले.

“तसा रकाना नाही,” बाई म्हणाल्या. पण त्यांनी त्या सहीकडे जरा वेळ पाहिलं, निरंकवर रेघ मारली आणि शिक्का मारला.

बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर मला पुढे चालवेना. इतकी शरम मला कमिटीच्या बैठकीतही वाटली नव्हती. म्हटलं, “घड्याळजी, मंगळवारी संध्याकाळी मी वरून... तुम्हाला ऐकू गेलं होतं?”

“गेलं की. दोनदा.”

“मग ओ का नाही दिलीत?”

ते कठड्याला धरून एक पायरी उतरले. “आमची ही होती तेव्हा अशीच हाक यायची. मी खाली दुकानात, ती वर माळ्यावर. नावाने मारायची, एकेरी. लोक हसायचे, पण ती काही बदलली नाही. जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर सगळे घड्याळजीच म्हणतात. लेक फोनवर बाबा म्हणते. मंगळवारी हाक आली, तेव्हा वाटलं कानात वाजलं. ओ द्यायची आणि वर कोणीच नसायचं, तर वाईट वाटतं हो.”

“मी नाव बदलून घेतो,” म्हणालो. माझ्याच तोंडून हे वाक्य निघालं याची मला त्याही स्थितीत भीती वाटली.

“आता कशाला? शिक्का बसला. फक्त एक करा. जुनी नावं घरात टिकत नाहीत, आठ दिवसांत बंड्या नाहीतर पिंट्या होतो. तसं करू नका. पुऱ्या नावाने हाक मारा.” आणखी दोन पायऱ्या उतरून ते म्हणाले, “आणि जरा मोठ्याने.”

मॅनेजर अजून माझ्याशी बोलत नाहीत. चेअरमन जिन्यात भेटले की घड्याळात बघतात. पण रोज संध्याकाळी आई बाळाला घेऊन गॅलरीत बसते आणि मोकळ्या गळ्याने, पुऱ्या नावाने हाक मारते. बाळ अजून ओ देत नाही. चौथा महिना चालू आहे, त्याला वेळ आहे. तोवर ते काम तळमजल्यावरून होतं.